पुरात भिजलेला अल्बम

प्रश्न : ताई, माझ्या आई-वडिलांचं लग्न १९८६ चं. सप्टेंबर २००८ च्या पुरात गोदेचं पाणी सराफ बाजारातल्या आमच्या घरात शिरलं आणि लग्नाचा अल्बम दोन दिवस पाण्यात राहिला. आता बऱ्याच फोटोंत कडेनं लाल-पिवळे डाग आहेत. एकात तर आईचा चेहरा पुसला गेलाय, फक्त हिरव्या बांगड्यांचा हात उरलाय. भाऊ म्हणतो, मोबाईलमधल्या अ‍ॅपनं सगळं नीट करून घेऊ. मला ते पटत नाही, पण का ते सांगता येत नाही. मी चित्रकलेचा डिप्लोमा केलाय. यातून काही कलेचं काम उभं राहील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्हाला पटत नाही ते बरोबर आहे. अ‍ॅप पुसलेला चेहरा परत आणत नाही, अंदाजानं नवा चेहरा बसवतं. ती बाई तुमच्या आईसारखी दिसेल, पण आई नसेल. भावाला हवी तर एक प्रत तशी करू द्या, पण मूळ फोटो आणि त्याचं स्कॅन जसंच्या तसं जपा.

ते डाग नीट बघा. रंगीत फोटोच्या कागदावर जिलेटिनचे तीन थर असतात : वर निळसर-हिरवा, मध्ये किरमिजी, तळाला पिवळा. पाणी वरून खात जातं, म्हणून आधी लाल उरतं, मग पिवळं, शेवटी पांढरा कागद. म्हणजे त्या फोटोत १९८६ चा मांडव आहे तसा २००८ चा पूरही आहे. मला तर तो फोटो दोनदा काढल्यासारखा वाटतो.

जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर यामामोतो गावात साडेसात लाखांच्या आसपास फोटो चिखलातून काढून धुतले गेले आणि त्यांतले बरेच लोकांना परत दिले गेले. जे ओळखण्यापलीकडे गेले होते, तेही मुनेमासा ताकाहाशी या छायाचित्रकारानं फेकू दिले नाहीत, त्यांचं प्रदर्शन मांडलं. आपल्याकडे चित्रकार विवान सुंदरम यांनी २००१-०२ मध्ये आजोबा उमरावसिंग शेरगिल यांचे जुने फोटो संगणकावर जोडून वेगवेगळ्या काळातली माणसं एका चौकटीत आणली. त्यात त्यांची मावशी, चित्रकार अमृता शेरगिलही आहे. ती गेली १९४१ मध्ये, विवान जन्मले १९४३ मध्ये. न पाहिलेल्या मावशीला भेटायची त्यांची ती वाट होती, असं मला वाटतं.

आता कामाचं. चिकटलेली पानं ओढू नका. त्या पुरानंतर शेजाऱ्यांचे अल्बम वाळवताना मी घाई केली, आणि एका आजोबांचा चेहरा समोरच्या पानाला चिकटून निघून आला. ते मला अजून सलतं. आधी अख्ख्या पानाचा फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता घ्या. सुटे असतील ते ६०० डीपीआयला स्कॅन करा. मागे काही लिहायचं तर मऊ पेन्सिलनं, बॉलपेन नको.

मग आईला बसवा आणि मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. एका वेळी एकच फोटो. ‘हे कोण’ एवढंच विचारू नका. फोटोत न आलेलं विचारा. स्वयंपाकघरात कोण होतं, कोण रुसलं होतं. आई आज एक सांगेल, महिन्यानं दुसरं. दोन्ही ठेवा, खरं-खोटं करत बसू नका. वडिलांचं वेगळंच निघालं तर तेही घ्या. यंदाच्या पावसाळ्यात घाटावर जाऊन पाण्याचा आवाज घ्या. पूर आला की घाटावरच्या मूर्तीवरून पाणी मोजत ‘दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं’ हे विचारणारी माणसं असतातच, त्यांचंही बोलणं येऊ द्या. एरवीच्या दिवशी भांडी बाजारातला तांब्या-पितळेचा ठोका घ्या.

दहा-बारा फोटो पुरे. घरातल्याच भिंतीवर, जिथवर पाणी चढलं होतं त्या उंचीला, भाड्याच्या प्रोजेक्टरनं ते दाखवा आणि खाली हे आवाज सोडा. गॅलरीचा विचार नंतर. पहिल्यांदा नातेवाईकच येऊ देत. ते मध्येच बोलायला लागतील, तेव्हाही रेकॉर्डिंग चालू ठेवा.

सुरुवात हाताच्या फोटोपासून करा. त्या बांगड्या कुणी भरल्या होत्या, ते आईला आजच विचारा.