उपासाच्या ताटातलं आपलं काय?

बाळा,

एकादशीला खिचडी खाता खाता तू विचारलंस ना, की बटाटा, मिरची, शेंगदाणे हे सगळं अमेरिकेतून आलं असं शाळेत शिकवलं, मग ते आपल्या उपासाला कसं चालतं? तेव्हा मी घाईत होते, आता नीट सांगते.

तुझ्या टीचर बरोबर सांगतायत. बटाटा पेरू देशातल्या डोंगरातला, दाणे, रताळी, मिरची पण अमेरिका खंडातलीच. कोलंबस 1492 ला तिकडे पोचला, मग ही पिकं युरोपात गेली, आणि पोर्तुगीजांनी 1510 ला गोवा घेतला, त्यांच्या जहाजांतून यातलं बरंच आपल्याकडे उतरलं. राजगिरासुद्धा मुळात मेक्सिकोकडचा, हे वाचून मी पण चाट पडले! साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो दक्षिण अमेरिकेतला, आणि तामिळनाडूतल्या सेलमला त्याचे कारखाने निघाले ते दुसऱ्या महायुद्धात, मलायाकडून (म्हणजे आताच्या मलेशियाकडून) येणारा माल बंद पडला म्हणून.

मग आपलं काय, तर नियम आपला. उपासाला धान्य नाही, डाळ नाही, कंदमुळं चालतात, हे फार जुनं आहे. बटाटा आला तो कंद म्हणून सरळ ताटात जाऊन बसला, टोमॅटो पण तिकडचाच पण त्याला बहुतेक घरात अजून उपासाला प्रवेश नाही. आणि साबुदाणा रात्री बेताच्या पाण्यात भिजवायचा, सकाळी दाणा बोटाने दाबून बघायचा, मग कूट लावून तूप-जिऱ्याच्या फोडणीत परतायचा, हे काही जहाजातून आलं नाही, ते आपल्या बायकांनी चुलीपुढे बसवलेलं आहे. म्हणून मला ती खिचडी पूर्ण आपली वाटते.

मला चिंता वाटते ती भगरीची. वरई ही खरी इकडची, सह्याद्रीच्या उतारावर पावसाच्या पाण्यावर येते, तिथली आदिवासी माणसं अजून पिकवतात, पण शहरात ती फक्त उपासापुरती उरलीय आणि तिथेही साबुदाणा पुढे गेलाय. इथल्या इंडियन स्टोअरमध्ये साबुदाण्याच्या पिशव्यांची रांग असते आणि भगर कोपऱ्यात शोधावी लागते.

तर येत्या चतुर्थीला आपण भगर आणि दाण्याची आमटी करू. आमसुलं किती घालायची ते आजीला व्हिडिओ कॉलवर विचारून ठेव. तिच्याकडे उपासाला कोथिंबीर चालत नाही, बाबांच्या आईकडे चालते, त्यामुळे घालायची की नाही ते तूच ठरव.

तुझी आई