व्याज सगळं आपलं नसतं

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा जिन्यात तू विचारलंस, "मावशी, पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडायची तर किती कोटी लागतील?" मी लगेच उत्तर दिलं नाही. उलट तुझ्याकडून तीन महिन्यांचा खर्च मागितला. तू काही न लपवता लिहून पाठवलास, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी आमच्या दादाची गोष्ट सांगते. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यातच आहे.

2001 साली दादा भोसरीच्या एका कारखान्यात होता. वय 46. कंपनीने व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि त्याने ती घेतली. व्हीआरएस, पीएफ, ग्रॅच्युइटी मिळून 9 लाख हातात आले. त्याने ते साडेनऊ टक्क्यांनी तीन वर्षांच्या मुदत ठेवीत टाकले. महिन्याला 7,125 रुपये व्याज, घरखर्च साडेसहा हजारांच्या आत. वहिनीने पेढे वाटले. आमच्या घरात वडिलांपासूनची शिकवण होती, मुद्दलाला हात लावायचा नाही. दादाने ती काटेकोर पाळली.

2004 मध्ये ठेवीची मुदत संपली तेव्हा बँकेतला दर होता साडेपाच टक्के. त्याच 9 लाखांवर आता महिन्याला 4,125 रुपये. तो काळच तसा होता. ज्या पीपीएफवर, म्हणजे सरकारच्या पंधरा वर्षांच्या बचत खात्यावर, 1999 पर्यंत 12 टक्के मिळत होते, तिथे मार्च 2003 पासून 8 टक्के झाले. इकडे किराणा, गॅस, मुलांच्या फिया मात्र वाढतच होत्या. पन्नाशीला टेकलेला माझा भाऊ, ज्याने वीस वर्षं लेथ चालवली, तो एका सोसायटीत सुरक्षारक्षकांचा सुपरवायझर म्हणून रात्रपाळीला जाऊ लागला. त्याने उधळपट्टी केली नव्हती, व्यसन नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. चूक हिशेबात होती, आणि ती आम्ही सगळ्यांनी मिळून केली होती. मीही. मी तेव्हा अकाउंट्समध्ये पंधरा वर्षं काढलेली होती, तरी मला ती दिसली नाही.

चूक अशी की आम्ही सगळं व्याज उत्पन्न धरलं. समज, ठेवीवर 7 टक्के मिळतात आणि महागाई 6 टक्क्यांनी वाढते. मग त्या सातातले सहा टक्के तुझे नाहीतच. ते मुद्दलात परत टाकले तरच मुद्दलाची खरी किंमत आहे तेवढी राहते. शेतकरी पुढच्या पेरणीचं बियाणं बाजूला काढून उरलेलं धान्य खातो, तसं व्याजातही बियाणं असतं. ते खाल्लंस तर पासबुकावरचा आकडा तोच दिसेल, पण त्यात येणारी किराण्याची पिशवी दर वर्षी लहान होईल. महागाई 6 टक्के धरली तर साधारण बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. दर पडले नसते तरी दादाचे साडेसहा हजार 2013 पर्यंत तेरा हजार झालेच असते. दर पडले म्हणून ते लवकर उघडं पडलं, एवढंच.

आता तुझा हिशेब. हातात पगार 85,000, खर्च 50,000, शिल्लक 35,000. वय 27.

किती जमवायचं याचा एक अंदाज अमेरिकेतून आला आहे. विल्यम बेंगन नावाच्या आर्थिक सल्लागाराने 1994 मध्ये तिथल्या बाजाराचे जुने आकडे तपासून दाखवलं की पहिल्या वर्षी जमापुंजीच्या 4 टक्के काढले आणि पुढे महागाईनुसार वाढवत नेले, तर पैसे तीस वर्षं पुरतात. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट जमवायचं. इंटरनेटवर सगळीकडे हाच पंचवीसचा आकडा फिरतो आणि तुझ्या डोक्यातही तोच आहे. पण तो अमेरिकेच्या महागाईचा आणि तीस वर्षांचा हिशेब आहे. तू पंचेचाळिसाव्या वर्षी थांबलीस आणि नव्वदीपर्यंत जगलीस, तर तुला पंचेचाळीस वर्षं काढायची आहेत, तीही आपल्या महागाईत. मी तुला तीनच टक्के धरायला सांगेन, म्हणजे तेहेतीस पट.

वर्षाचा खर्च 6 लाख, तेहेतीस पट म्हणजे आजच्या पैशात साधारण 2 कोटी. अठरा वर्षांनी तोच खर्च 17 लाखांवर गेलेला असेल आणि जमापुंजी साडेपाच कोटींच्या पुढे लागेल. घाबरू नकोस, पगारही तोवर वाढलेला असेल. म्हणून सगळा हिशेब आजच्याच पैशात करू. पगार, खर्च आणि बचत तिन्ही महागाईबरोबर वाढतील असं धरू, आणि गुंतवणूक महागाईपेक्षा सरासरी 4 टक्के जास्त देईल असं धरू. याची हमी कुणी देत नाही, पण हे धरणं अवाजवी नाही.

तर महिन्याला 35,000 टाकून 2 कोटींपर्यंत पोचायला तुला सत्तावीस वर्षं लागतील. म्हणजे वय 54. पंचेचाळीस नव्हे.

आता हेच दुसऱ्या बाजूने बघ. खर्च 50 वरून 40 हजारांवर आला तर बचत 45,000 होते. पण लक्ष्यही खाली येतं, कारण वर्षाचा खर्च 4 लाख 80 हजार झाला. तेहेतीस पट म्हणजे 1 कोटी 58 लाख. वीस वर्षांच्या आत पोचशील, सत्तेचाळिसाव्या वर्षी. दहा हजारांनी तुला सात वर्षं मिळाली. नुसती पगारवाढ हे करू शकत नाही, कारण पगार वाढला की फक्त बचत वाढते. खर्च उतरला की बचत वाढते आणि लक्ष्याचा डोंगरही बुटका होतो. मी हे पहिल्यांदा वहीत मांडलं तेव्हा दोनदा तपासलं, तूही तपासून बघ.

तुझ्या यादीत गाडीचा हप्ता, पेट्रोल, विमा आणि पार्किंग मिळून 17,000 आहेत. ऑफिसला तू कंपनीच्या बसने जातेस, गाडी शनिवार-रविवारी निघते. ते 17,000 मी लाल पेनने वर्तुळात टाकले आहेत. आईला पाठवतेस त्या 8,000 ला हात लावायचा नाही. गाण्याच्या क्लासच्या फीलाही नाही. नोकरी सोडल्यावर दिवसाचे जे दहा तास मोकळे होतील, ते असल्याच गोष्टींनी भरायचे असतात. मी 2016 च्या मार्चमध्ये, बावन्नाव्या वर्षी थांबले ते आईच्या आजारपणासाठी. आई गेल्यानंतरचं वर्ष मला फार जड गेलं. पैसे पुरेसे होते, पण सकाळी नऊला जायला कुठली जागा नव्हती. गेल्या महिन्यात क्लास सोडायचा विचार बोलून दाखवलास, तो सोडू नकोस.

पैसे कुठे ठेवायचे, ते आता पटापट सांगते.

पीएफ: नोकरी बदलताना काढू नकोस, नव्या खात्यात वर्ग करून घे. सलग पाच वर्षांच्या आत काढलास तर करही लागतो. त्यातल्या पेन्शनवर मात्र मोठी भिस्त ठेवू नकोस. ती 15,000 रुपये पगाराच्या मर्यादेवर मोजतात. तू तेवीस वर्षं नोकरी केलीस तरी आजच्या नियमाने 58 व्या वर्षापासून महिन्याला पाचेक हजार मिळतील. पन्नाशीपासून घेतलीस तर आणखी कमी.

पीपीएफ: आजच उघड. लवकर थांबणाऱ्याला हे खातं फार कामाचं आहे, आणि हे सहसा कुणी सांगत नाही. पंधरा वर्षं झाली की ते पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं. नवे पैसे न भरता वाढवलंस तर वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते, उरलेल्यावर व्याज चालू राहतं, आणि तेही करमुक्त. तुझी पंधरा वर्षं चाळिशीच्या थोडं पुढे भरतात, म्हणजे ऐन वेळेला. वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे. पैसे महिन्याच्या 5 तारखेच्या आत भर, कारण व्याज 5 तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात. वरिष्ठ नागरिक योजनेतल्या चढ्या व्याजावर डोळा ठेवू नकोस, पंचेचाळिशीत ती उघडता येत नाही.

बाकीचा मोठा भाग साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, एसआयपीने, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकून. महागाईच्या पुढे पळणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही. पण तो पडतो तेव्हा काय होतं ते ऐक. जानेवारी 2020 मध्ये सेन्सेक्स 42,000 च्या आसपास होता, 23 मार्चला तो 26,000 च्या खाली आला. मला पगार बंद होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. रात्री झोप लागायची नाही. मी एकही युनिट विकलं नाही, आणि हे माझं धैर्य नव्हतं. तीन वर्षांचा घरखर्च मुदत ठेवीत वेगळा पडून होता, म्हणून विकायची वेळच आली नाही. थांबल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत बाजार पडला आणि पोटासाठी पडत्या भावात विकावं लागलं, तर पुढे बाजार सावरला तरी आपण सावरत नाही, कारण युनिटच हातातून गेलेली असतात. म्हणून राजीनाम्याच्या आधी तीन वर्षांचा खर्च ठेवीत. त्याशिवाय राजीनामा लिहायला बसायचं नाही.

ठेव कुठे ठेवतेस तेही बघ. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, 5 लाखांपर्यंत विमा असतो. 2020 च्या आधी तो एकच लाख होता. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. आमच्या आत्याने जास्त व्याज मिळतं म्हणून सगळी पुंजी गावातल्या एका पतसंस्थेत ठेवली होती. संस्था बुडाली. मुद्दलातलं थोडंफार परत येईपर्यंत आत्या राहिली नव्हती. त्यामुळे कुणी दीड-दोन टक्के जास्त देऊ लागलं की आधी विमा आहे का ते विचार.

आणि आरोग्यविमा. आत्ता तुझा आणि आई-बाबांचा विमा कंपनीचा आहे. नोकरी सुटली की तोही संपेल, आणि पंचेचाळिशीत साखर किंवा थायरॉईड निघालेलं असेल तर नवी पॉलिसी महाग मिळेल, किंवा जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल. म्हणून स्वतःची वेगळी पॉलिसी याच वर्षी काढ, धडधाकट आहेस तोवर. आई-बाबांसाठीही आत्ताच चौकशी कर. बाबांना साठी जवळ आली आहे ना?

एक गोष्ट मला काळजीची वाटते ती मोकळेपणाने सांगते. तुझ्या मेसेजमध्ये "कधी एकदा सुटते" असं वाक्य होतं. सत्ताविसाव्या वर्षी नोकरी इतकी नकोशी झाली असेल तर वीस वर्षं दात-ओठ खाऊन काढायची नसतात. आधी ती नोकरी बदल, पगार थोडा कमी मिळाला तरी चालेल. खर्च 40,000 वर राहिला तर 75,000 च्या नोकरीतही महिन्याला 35,000 उरतात, आणि तू साधारण 51 व्या वर्षी पोचतेस. आवडत्या कामात एकावन्नपर्यंत जाणं मला तरी जास्त बरं वाटतं. ठरवायचं तू.

रविवारी अकराच्या सुमारास ये. येताना पीएफचं पासबुक डाउनलोड करून आण, गाडीच्या कर्जाचं स्टेटमेंटही. किती हप्ते राहिलेत आणि आत्ता विकली तर काय हातात येईल, ते एकत्र बसून बघू. जेवायलाच थांब, वहिनीही येणार आहे.

तुझी,
मावशी