सनफिश ओळखायचा तर आधी कान बघा

प्रश्न : ताई, आम्ही ओहायोत राहतो. सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन तळ्यावर गळ टाकायला जातो. चपटे, गोलसर मासे भरपूर लागतात. इथे त्यांना सगळेच सरसकट ‘ब्लूगिल’ म्हणतात, पण मुलगी ऐकत नाही. तिचं म्हणणं, पोटाखाली केशरी असलेला वेगळा आणि मोठ्या तोंडाचा वेगळा. फोनवरचं ॲप एकाच माशाच्या दोन फोटोंना दोन नावं देतं. खात्रीने कसं ओळखायचं?

उत्तर : मुलीचं अर्धं बरोबर आहे. तुमच्या गळाला लागतात ते सगळे सनफिश नावाच्या एकाच गटातले मासे; ब्लूगिल, पम्पकिनसीड, लाँगइअर आणि ग्रीन सनफिश या त्यातल्या जाती. मोठं तोंड ही पक्की खूण, केशरी पोट मात्र अजिबात नाही. विणीच्या दिवसांत ब्लूगिलच्या नराची छाती तांबूस-केशरी होते, पम्पकिनसीडचं पोट केशरी असतंच, लाँगइअरचंही असतं. त्याच ब्लूगिलची मादी मात्र फिकट मातकट दिसते. गढूळ पाण्यातले मासे फिके असतात, आणि बाहेर काढल्यावर अंगावरचे उभे पट्टे बघता बघता गडद होतात किंवा पुसट होतात. तुमचं ॲप बहुधा इथेच फसतंय.

तळ्यांच्या पाहणीत जाळ्यात आलेला प्रत्येक मासा ओळखून, मोजून परत सोडायचा, हे माझं काम. त्यात रंगाकडे मी सगळ्यात शेवटी बघते. सुरुवात कानापासून. कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या टोकाला काळी, चपटी झालर असते, तिला आम्ही कान म्हणतो. खरा कान नव्हे, पण सनफिशची ओळख तिथेच असते. ब्लूगिलचा कान अगदी कडेपर्यंत काळा असतो, त्याला कसलीही किनार नसते. पम्पकिनसीडच्या काळ्या कानाच्या टोकाला लाल किंवा केशरी ठिपका असतो, अर्धचंद्रासारखा, आणि गालावर निळ्या नागमोडी रेघा. ग्रीन सनफिशच्या कानाला फिकट, पिवळट किनार. लाँगइअरचा कान पूर्ण वाढलेल्या नरात चांगलाच लांब होतो आणि त्याला पांढरी कड असते. पिल्लांमध्ये मात्र कान पुरता वाढलेला नसतो, म्हणून बोटाएवढ्या माशावर फार वेळ घालवू नका.

मग तोंड. तोंड मिटलेलं असताना वरचा जबडा मागे कुठवर जातो ते बघा. ब्लूगिलचं तोंड इवलंसं, जबडा डोळ्यापर्यंत जेमतेम पोचतो. ग्रीन सनफिशचा जबडा थेट डोळ्याच्या मध्याखाली जातो. शिवाय त्याचं अंग जाड आणि लांबट असतं, बाकीच्यांसारखं ताटलीसारखं नाही. मुलीने पाहिलेला दुसरा मासा हाच असावा असं मला वाटतं.

तिसरी खूण छातीजवळचा पर. हा मला सगळ्यात आवडतो, कारण रंग पुरता उडाला तरी तो बदलत नाही. मासा ओल्या हातात आडवा धरा आणि कल्ल्यामागचा पर बोटाने हलकेच पुढे, डोळ्याच्या दिशेने वळवा. ब्लूगिलचा पर लांब आणि टोकदार असतो, तो सहसा डोळ्याच्या पुढे जातो. पम्पकिनसीडचाही लांब आणि टोकदारच. ग्रीन सनफिश आणि लाँगइअरचा पर आखूड, गोल टोकाचा, डोळ्याशीच थांबतो. पाठीवरचा पर उघडून बघायलाही विसरू नका. त्याच्या मागच्या मऊ भागाच्या बुडाशी काळा डाग दिसला तर ब्लूगिल किंवा ग्रीन सनफिश. दोघांतला कुठला, ते जबडा सांगतो.

पाठीच्या परात साधारण दहा काटे असतात आणि ते चांगलेच टोचतात. हात डोक्याकडून शेपटीकडे सरकवत नेला की काटे आपोआप खाली बसतात. मुलीला हे आधी शिकवा. फोटो काढताना मासा पाण्याने भरलेल्या पारदर्शक डब्यात ठेवा आणि एका बाजूने घ्या. कान, मिटलेलं तोंड आणि छातीचा पर एकाच फोटोत आले की ओळखणं सोपं जातं.

एवढं करूनही एखादा मासा कशातच बसणार नाही. जबडा ब्लूगिल आणि ग्रीन सनफिशच्या मधला, कानाला फिकट किनार, पण अंग ब्लूगिलचं. असा मासा बहुतेक वेळा संकर असतो. या सगळ्या जाती उथळ पाण्यात, जवळपास एकाच हंगामात वीण करतात. नर शेपटीने तळ साफ करून खोलगट घरटं करतो, मादी त्यात अंडी घालते आणि अंडी पाण्यातच फळतात. त्यामुळे सरमिसळ होते. ब्लूगिल आणि ग्रीन सनफिश यांचा संकर तर खासगी तळ्यांत मुद्दाम सोडतात आणि त्यात नरच जास्त निघतात. अशा माशाला ओढूनताणून एका जातीत बसवू नका. वहीत ‘संकर’ लिहा, ती नोंद पूर्ण बरोबर आहे.

प्रश्न : जॉर्जियात माझे सासरे ज्याला शेलक्रॅकर म्हणतात तो आणि पम्पकिनसीड एकच का? दोघांच्याही कानावर लाल असतं.

उत्तर : नाही. शेलक्रॅकर म्हणजे रेडइअर ही सनफिशचीच आणखी एक जात, मूळची तुमच्या सासऱ्यांकडच्या, अमेरिकेच्या आग्नेय भागातली. गोंधळ साहजिक आहे. दोघंही गोगलगायी खातात, दोघांच्याही घशात शिंपले फोडायला चपट्या दाढा असतात, छातीचा परही दोघांचा टोकदार. त्यामुळे पराचा इथे उपयोग नाही, गाल बघा. पम्पकिनसीडच्या गालावर निळ्या रेघा असतात, रेडइअरच्या नसतात. पम्पकिनसीडच्या पाठीच्या मऊ परावर ठिपके असतात, रेडइअरचा पर साधा. मासा हातात असेल तर कानाशी झाकणाची कड बोटाने वाकवून बघा. रेडइअरची सहज वाकते, पम्पकिनसीडची ताठ असते.

प्रश्न : (ओहायोच्याच वाचकाकडून) पकडलेले चार-पाच मासे आमच्या वसाहतीच्या तळ्यात सोडले तर चालेल का?

उत्तर : कृपा करून सोडू नका. 1960 मध्ये शिकागोच्या महापौरांनी जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांना ब्लूगिल भेट दिले होते. ते मासे जपानच्या तळ्या-सरोवरांत पसरले, बिवा सरोवरातल्या स्थानिक माशांना त्यांचा त्रास झाला, आणि 2007 मध्ये सम्राट असताना अकिहितोंनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. ब्लूगिल ओहायोतलाच असला तरी लहान तळ्यात सनफिश भराभर वाढतात, खाणं पुरत नाही आणि सगळेच खुरटे राहतात. जिथे पकडलात तिथेच परत सोडा. वसाहतीच्या तळ्यात मासे हवेच असतील तर आधी राज्याच्या मत्स्यविभागाला विचारा आणि मान्यताप्राप्त मत्स्यबीज केंद्रातूनच आणा.