वाफेची इंजिनं चांगली चालत असताना रेल्वेने डिझेल का आणली?

तुमचा प्रश्न असा आहे की वाफेची इंजिनं शंभराच्या वेगाने मेल ओढत होती, कोळसा आपल्याच खाणींचा होता, मग बाहेरचं तेल जाळणाऱ्या डिझेल इंजिनांची गरज का पडली? वाफेची ताकद कमी पडत होती का?

ताकदीचा भाग आहे, पण थोडा. खरं कारण कळायला इंजिन गाडी ओढत नसायचं तेव्हा त्याच्याभोवती काय चालायचं ते पाहावं लागतं. मी १९७४ साली भुसावळच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागलो. मग सेकंड फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा मारणारा, मग फर्स्ट फायरमन, पुढे डिझेल असिस्टंट आणि शेवटी ड्रायव्हर. दोन्ही प्रकारची इंजिनं हाताखालून गेली, म्हणून लिहितो.

थंड पडलेलं वाफेचं इंजिन तयार करायचं म्हणजे आधी बॉयलरमध्ये पाणी, मग भट्टीत लाकडं, तेलात भिजवलेल्या चिंध्या आणि वर कोळसा. गाडी ओढण्याइतकी वाफ व्हायला सहा-आठ तास सहज जात. संध्याकाळच्या गाडीचं इंजिन सकाळीच पेटवावं लागे. म्हणून शक्यतो आग विझवतच नसत, नुसती दाबून ठेवत. पण दाबलेली आगही कोळसा खाते, आणि उभ्या इंजिनाच्या पाण्यावर कुणीतरी डोळा ठेवायलाच लागतो.

गाडी पोचवून आलेलं इंजिन राखेच्या खड्ड्यावर जाई. आपल्या कोळशात राख भरपूर. ती वितळून जाळीवर तिचे दगडासारखे थर बसत, क्लिंकर म्हणत त्याला. लांब सळईने ते फोडून खाली पाडायचे, पुढच्या धुराड्याच्या पेटीतली राख उपसायची, कोळसा भरायचा, पाणी भरायचं, टर्नटेबलवर, म्हणजे रूळ बसवलेल्या फिरत्या चकतीवर, इंजिन उलट दिशेला फिरवायचं आणि सांध्यासांध्याला तेल द्यायचं. तोवर ड्रायव्हर घरी जाऊन झोपलेलाही असे, पण इंजिनाचे तास शेडमध्येच जात होते.

त्यात पाणी. आपल्याकडे घरच्या तांब्याच्या बंबात आतून पांढरा थर बसतो, तो ज्याने खरवडला असेल त्याला बॉयलरचं दुखणं समजावून सांगायला नको. तोच थर बॉयलरच्या नळ्यांवर बसला की कोळसा जास्त जळतो आणि वाफ कमी होते. म्हणून ठरावीक दिवसांनी वॉशआऊट. इंजिन सावकाश थंड करायचं, कारण घाई केली तर नळ्यांचे सांधे गळू लागतात. मग झाकणं काढून आतला गाळ जोरदार पाण्याने धुवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून पेटवायचं. त्या काळात ते इंजिन असून नसल्यासारखं. म्हणून दहा गाड्यांसाठी दहा इंजिनं कधीच पुरत नसत.

आता चालत्या इंजिनाबद्दल. मोठ्या इंजिनावर आम्ही तिघे असू, ड्रायव्हर आणि दोन फायरमन. कोळसा नुसता फेकून चालत नाही. दार उघडलं की एका नजरेत आग वाचायची. पांढरी लखलखती असेल तिथे थर पातळ झालाय, काळा डाग असेल तिथे आधीचाच कोळसा पेटलेला नाही. मग एक बेलचा डाव्या कोपऱ्यात, एक उजव्या, एक दाराच्या आत लगेच, आणि दार बंद. दार उघडं राहिलं तर थंड हवा आत शिरते आणि वाफ पडते. चिमणीतून फिका राखाडी धूर निघाला तर फायरमन चांगला. सिनेमात दिसतो तो काळाकुट्ट धूर म्हणजे न जळताच उडून चाललेला कोळसा.

एक प्रसंग सांगतो, त्यावरून हे काम किती नाजूक होतं ते कळेल. भुसावळहून खंडव्याकडे मालगाडी, मे महिना, डब्ल्यूजी इंजिन, म्हणजे मालगाडीचं वाफेचं इंजिन. बऱ्हाणपूर सोडलं की सातपुड्यातला चढ लागतो. डब्ल्यूजीचा बॉयलर चौरस इंचाला २१० पौंड दाबाचा. चढावर दाबाचा काटा खाली यायला लागला की फायरमनचा जीव कासावीस होतो. बॉयलरमध्ये पाणी सोडायचं इंजेक्टर चालू केलं की थंड पाणी आत जातं आणि काटा आणखी पडतो. मी नवीन होतो. काटा राखायचा म्हणून मी इंजेक्टर बंद ठेवलं आणि नुसता कोळसा मारत राहिलो. बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी बऱ्यापैकी दिसत होतं, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

आमचे उस्ताद अमळनेरकडचे. ते एकदम ओरडले, "भो, काटा ऱ्हाऊ दे, पयले पानी देख!" आणि त्यांनी स्वतःच इंजेक्टर उघडलं.

चढावर इंजिनाचं तोंड वर असतं, त्यामुळे बॉयलरमधलं पाणी मागे, म्हणजे भट्टीकडे सरकलेलं असतं. काचेची नळीही मागेच, आमच्यासमोर. म्हणून ती आहे त्यापेक्षा जास्त पाणी दाखवते. चढ संपून तोंड खाली झालं की पाणी पुढे धावतं आणि भट्टीचं छत उघडं पडू शकतं. खाली धगधगती आग आणि वर पाणी नाही. त्या छतात शिशाचा लेड प्लग बसवलेला असतो. पाणी गेलं की शिसं वितळतं आणि वाफ भट्टीत घुसून आग मारते. गाडी तिथेच उभी. प्लगनेही वेळेत काम केलं नाही तर बॉयलर फुटतो. त्या दिवशी माथ्यावर आलो तेव्हा नळीत पाणी तळाशी जेमतेम बोटभर राहिलं होतं. उस्तादांनी दोन मिनिटं आधी इंजेक्टर उघडलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार मी पुढे किती रात्री केला असेल. ते मला रागावले नाहीत. खंडव्याला उतरल्यावर स्वतःच्या डब्यातली कळण्याची भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि कुठल्या चढाआधी नळीत किती पाणी हवं ते एकेक करून सांगत बसले.

डिझेलने यातलं जवळजवळ सगळं काढून टाकलं. डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन १९६२ मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आलं आणि १९६४ पासून वाराणसीत बनू लागलं. १६ सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती. बऱ्याच जणांना वाटतं की आतलं डिझेल इंजिन ट्रकसारखं थेट चाकं फिरवतं. तसं नाही. ते जनरेटर फिरवतं आणि त्या विजेवर सहा आसांवरच्या सहा मोटारी चालतात. मोटारीचा जोर सुरुवातीलाच सगळ्यात जास्त, म्हणून उभी जड गाडी ते हिसका न देता उचलतं. ड्रायव्हरच्या हाताशी आठ नॉच, म्हणजे जोर कमी-जास्त करायचे टप्पे, आणि समोर करंटचं मीटर. दोन इंजिनं जोडली तरी एकच ड्रायव्हर दोन्ही चालवतो. वाफेची दोन इंजिनं जोडली की माणसं सहा, आणि एकमेकांना सांगायचं ते शिट्टीने.

त्याहून मोठा फरक तासांचा. टाकी ५,००० लिटरची. वाटेत पाण्याचा थांबा नाही, राखेचा खड्डा नाही, आणि दोन्ही दिशांनी चालत असल्याने टर्नटेबलही नाही. वाफेचं इंजिन एका टप्प्यानंतर बदलावंच लागे, कारण भट्टी साफ करायची असे. डिझेल मात्र पुढे जात राही, फक्त आम्ही माणसं बदलत असू.

आपल्या रावेर, सावदा, निंभोऱ्याची केळी घ्या. हिरवे घड वॅगनमध्ये भरून दिल्लीकडे निघत. उन्हाळ्यात तापलेल्या वॅगनमध्ये केळी कुणाची वाट पाहत नाहीत. पाण्यासाठी इथे अर्धा तास, इंजिन बदलायला तिथे एक तास, असं करत गेलं की माल पिकत पिकत जायचा. लोडिंगला उभा असलेला शेतकरी मला विचारी, "साहेब, आज डिझेल हाय ना?" ताकदीचा हिशोब त्याला करायचा नव्हता, उत्तर मात्र त्याला तुमच्या-माझ्याआधी कळलं होतं.

इंधनाचंही सांगून टाकतो. वाफेच्या इंजिनात कोळशातल्या शंभर भाग उष्णतेपैकी सात-आठ भागच चाकापर्यंत पोचतात. डिझेलमध्ये हाच आकडा तीसच्या आसपास जातो. शिवाय शेडपर्यंत कोळसा आणायलाच मालगाड्या लागत, आणि त्या ओढायला पुन्हा इंजिनं.

डिझेल निर्दोष होतं असं मात्र नाही. जळगावच्या ४५ अंशांत पूर्ण लोडवर चढ घेताना गरम इंजिनाची घंटा वाजली की नॉच खाली आणायलाच लागे. बॅटरी अशक्त असेल तर बंद केलेलं इंजिन परत सुरू होईल की नाही याची धास्ती, म्हणून तासन् तास ते नुसतं घुरघुरत उभं ठेवायचे. तेही तेल जाळतच. आणि वाफेच्या इंजिनाचं बरंचसं दुखणं हातोडी-पान्याने वाटेतच काढता येई, तसं इथे नव्हतं. एखादा रिले, म्हणजे विजेचा आपोआप चालणारा खटका, अडला की शेडला फोन करण्यावाचून दुसरा इलाज नसे.

ब्रॉडगेजवरची नेहमीची वाफ डिसेंबर १९९५ मध्ये पंजाबात, जालंधर-फिरोजपूर लाइनवर थांबली. आमच्या खंडव्याच्या लाइनवर डिझेलचेही दिवस भरलेच. वर तारा आल्या आणि तेलाची टाकीसुद्धा बरोबर न्यायची गरज उरली नाही. माझी नोकरी संपायच्या आधी निंभोऱ्याहून केळीची गाडी मी विजेच्या इंजिनाने नेली. बऱ्हाणपूरच्या पुढे चढ लागला तेव्हा माझी नजर सवयीने जिथे काचेची नळी असायची तिथे गेली.