हाताने बनवलेल्या एलईडी ग्रो लाईटचा छोटा धंदा मोठा कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की घरीच ग्रो लाईट, म्हणजे घरात-खोलीत झाडं वाढवायचे दिवे, बनवता, महिन्याला दहा-बारा जातात, आणि आता जाहिरात करावी, माणूस ठेवावा की मोठी ऑर्डर धरावी यावर घोडं अडलंय. सोल्डरिंग, ड्रायव्हर (चिप्सना ठराविक करंट देणारा भाग), हीटसिंक (उष्णता काढणारा धातू) हे तुम्हाला येतच असणार, त्यात शिरत नाही. मी नऊ वर्षं हेच काम करतेय आणि खरं सांगायचं तर "मोठी ऑर्डर धरावी का" एवढं वाचलं आणि राहवलं नाही, कारण याच एका गोष्टीवरून मी आणि माझा मोठा भाऊ गेली सहा वर्षं भांडतोय.

आमच्यात मी बनवायचे आणि दादा विकायचा. दिवा साधाच, पांढऱ्या मिडपॉवर चिप्स, अधेमधे ६६० नॅनोमीटरच्या लाल, मागे ॲल्युमिनियम, आणि वरून पाणी शिरू नये म्हणून पारदर्शक झाकण. नुसत्या लाल-निळ्या चिप्सचे जांभळे दिवे मी कधीच बनवले नाहीत आणि तुम्हीही बनवू नका, त्या उजेडात पानावरचा डाग दिसत नाही की कीड दिसत नाही, आणि झाडाला हिरवा उजेड लागतच नाही ही समजूत मॅक्री नावाच्या संशोधकाने १९७२ सालीच मोजमाप करून खोडून काढलीये. तरी लोक अजून विकतात. असो.

तर एकाने आमचा एक दिवा नमुना म्हणून नेला होता, बंद खोलीत मांडण्या लावून लेट्यूस करणारा माणूस. त्याला दिवा आवडला आणि त्याने चाळीस मागितले. आम्ही तोवर महिन्याला बाराच्या वर कधी गेलो नव्हतो. मी म्हटलं आधी सहा देऊ, तीन महिने चालू देत, मी जाऊन मोजून येते, मग बाकीचे बनवू. दादा म्हणाला तू मोजत बस, तोवर दुसरा कोणीतरी दिवे टांगून मोकळा होईल, गिऱ्हाईक कोणासाठी थांबत नसतं. पैसे त्याने आणलेले, ऑर्डर त्याने आणलेली, मी गप्प बसले. चाळीस घेतले.

घाई म्हणजे काय असते ते तेव्हा कळलं. झाकणाच्या कडेला आम्ही सिलिकॉनची पट्टी लावायचो, ती मध्येच संपली आणि पुढचा माल यायला वेळ होता. दादाने काळ्या रबराचा रोल आणला, जाडी तीच, उलट जास्त घट्ट बसायचा. मी एक दिवा पाण्याच्या फवाऱ्याखाली धरला, रात्रभर ठेवला, आत थेंब नाही. पास. पाणी आत येतं का एवढंच मी तपासलं, खुद्द पट्टीतूनच काय बाहेर येईल हा विचार माझ्या डोक्यातही आला नाही. आणि चाळीसपैकी मोजले फक्त दोन, पहिला आणि शेवटचा, कारण बाकीचे दादा गाडीत भरत होता. त्या दोघांच्या पाठीवर मी टेप लावून लिहिलं, तीस सेंटीमीटर खाली, मधोमध, २१० मायक्रोमोल (झाडाच्या कामाचा उजेड दर सेकंदाला चौरस मीटरवर किती पडतो त्याचं माप). ही टेप लावली म्हणून पुढचं सगळं कळलं, नाहीतर आजही कळलं नसतं.

पाच महिन्यांनी फोन आला, ताई, रोपं ताणायला लागलीत, नुसती लांबट होतायत, पानं पातळ येतायत. दादा म्हणाला बियाणं खराब असेल, नाहीतर खोली तापत असेल. मी मीटर घेऊन गेले. खोलीत शिरल्यावर मलासुद्धा सगळं लख्खच वाटलं, तो माणूस तर रोज तिथेच असायचा, त्याला काही कमी झालंय असं एकदाही जाणवलं नव्हतं. डोळा जुळवून घेतो, त्याच्यावर विसंबू नये. टेपवाल्या दिव्याखाली मीटर धरला, १३०. दुसऱ्याखाली १२८. बाकीचेही सगळे त्याच आसपास. सोळा तासांचा हिशोब करा, म्हणजे दिवसभराच्या उजेडाची बेरीज, २१० ला दिवसाचे १२.१ मोल मिळतात, १३० ला साडेसात. लेट्यूसला लोक १२ ते १७ देतात. साडेसातवर रोपं ताणणार नाहीत तर काय करतील.

भिंतीतून दिवे वॅट तेवढेच खेचत होते. ड्रायव्हरचा करंट बरोबर होता. म्हणजे वीज तेवढीच जातेय आणि उजेड कमी येतोय, उजेड चिपच्या आतच मरतोय. झाकण उघडलं आणि बघितलं तर पिवळ्या ठिपक्यांखालचा जो चकचकीत तळ असतो, चांदीचा मुलामा, तो तपकिरी-काळा झालेला, कडेच्या चिप्स जास्त, मधल्या कमी. चांदी काळी करतं ते गंधक, हे कोणालाही माहीत असतं. आणि चिपवरचा सिलिकॉनचा थर गंधकाची वाफ अडवत नाही, ती आरपार जाते.

आता इथे दादाला सापडलं. तो माणूस भुरी रोगासाठी रात्री खोलीत गंधक जाळायचा. झालं! दादा म्हणाला ही त्याची चूक, वॉरंटी संपली, विषय संपला. आणि हे कारण खोटं नव्हतं हो, गंधक जाळायच्या जागी एलईडी खरंच असे काळे पडतात. मीही दोन दिवस तेच धरून बसले, कारण मला ते हवं होतं, चाळीस दिव्यांचा माल परत भरून द्यायची आमची ऐपतच नव्हती.

पण त्याच लॉटमधला एक जास्तीचा दिवा माझ्या घरी मिरचीच्या रोपांवर लागला होता. घरात गंधक कधी जाळलंच नाही. तिसऱ्या दिवशी तो उघडला. कडेने तसाच काळा. मग मला आठवण झाली त्याने आधी नेलेल्या नमुन्याच्या दिव्याची, तो सिलिकॉनच्या पट्टीचा होता आणि त्याच खोलीत, त्याच गंधकाच्या धुरात टांगलेला होता. परत गेले, तो उतरवून उघडला. तळ किंचित पिवळसर, बाकी स्वच्छ. हे दोन दिवे शेजारी ठेवून मी किती वेळ बसले होते काय माहीत. रबर. शाळेत शिकलो होतो की चार्ल्स गुडइयरने रबरात गंधक घालून ते तापवलं, १८४४ चं त्याचं पेटंट, आणि तेच रबर मी स्वतःच्या हाताने बंद डब्यात चिप्सच्या शेजारी चिकटवून वर दिवसाचे सोळा तास गरम करत होते.

दादाचं म्हणणं होतं की गंधकाचं कारण आयतं मिळालंय, त्या माणसाला पटलेलंही आहे, गप्प राहा. मी नाही राहिले. त्याला फोन करून सांगितलं की चूक आमच्या पट्टीची आहे. चाळीसचे चाळीस दिवे परत आणले, सगळे बोर्ड नवे भरले, सिलिकॉनची पट्टी लावली, आणि या वेळी प्रत्येक दिवा मोजला. अडीच महिने नवी ऑर्डर घेतली नाही, होती नव्हती ती शिल्लक गेली. दादाने त्यानंतर हात काढून घेतला. घरात चार माणसं जमली की तो अजून म्हणतो, हिने चालता धंदा बुडवला. तर दादा, तू हे वाचणार नाहीस पण लिहिते. पुढच्या वर्षी त्याच माणसाने पंचवीस नेले, मग तीस, आणि त्याच्या सांगण्यावरून आणखी तिघं आले, आज माझं अर्ध्याच्या वर काम या चौघांचं आहे. तू सांगितलेलं केलं असतं तर पुढच्या पाच महिन्यांनी दुसऱ्याचा फोन आला असता, त्याच्याकडे गंधक जळत नसतं, आणि तेव्हा आपण काय सांगितलं असतं?

तर तुमचा प्रश्न. मोठी ऑर्डर धरा, पण तुकड्यात. पाच आधी, थांबायचं, मोजायचं, मग बाकी. थांबायला तयार नसलेलं गिऱ्हाईक पहिल्या दोन वर्षांत मी तरी घेणार नाही. प्रत्येक दिव्याला नंबर द्या, एक तास तापू द्या आणि मग मोजा, थंड दिव्याचा आकडा खोटा चढा येतो, आणि ते वहीत लिहा, कुठल्या लॉटच्या चिप्स, कुठला ड्रायव्हर, कुठली पट्टी, कुठलं डिंक-पेस्ट. प्रत्येक लॉटमधला एक दिवा स्वतःकडे ठेवून चोवीस तास चालू ठेवा. गिऱ्हाईकाकडे तो सोळा तास चालतो, म्हणजे त्याच्या सहा महिन्यांचं दुखणं तुम्हाला चार महिन्यांत दिसतं. हे मी आता करते. दादा याला वेळ घालवणं म्हणायचा.

माणूस ठेवायचा तर जरूर ठेवा, पण कापणं, भोकं पाडणं, पेस्ट लावणं, पॅकिंग याला. मोजायचं काम देऊ नका. आणि जोडणीवर शेवटची नजर तुमचीच हवी, विशेषतः एका कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरवर दोन बोर्ड समांतर जोडत असाल तर, कारण एकाची वायर सुटली की सगळा करंट दुसऱ्यातून जातो आणि तो जळतो. माझ्याकडे मदतीला असलेल्या मुलाने एकदा स्क्रू नीट आवळला नव्हता, तेवढ्याने झालं. मी आता बोर्ड सिरीजमध्येच घेते, व्होल्टेज चढतं, त्याची काळजी वेगळी घ्यावी लागते.

भाव ठरवताना माल अधिक मजुरी एवढंच धरून चालणारे फार बघितलेत मी. परत येणारे दिवे त्यातच धरा. मी शंभरात पाच येतील असं धरूनच भाव सांगते आणि ते पैसे वेगळे काढून ठेवते, कमी आले तर आनंदच आहे. बाजारात "१००० वॉट" लिहिलेला दिवा भिंतीतून शंभर-सव्वाशे खेचतो, त्याच्याशी भावात भांडू नका, हरालच. गिऱ्हाईकाच्या हातात वॅटमीटर आणि लाईट मीटर द्या आणि त्यालाच बघू द्या. माझी सगळी जाहिरात एवढीच आहे, त्यामुळे पैसे देऊन केलेल्या जाहिरातीबद्दल मला विचारू नका, मी कधी केलीच नाही.

महागडा क्वांटम मीटर (मायक्रोमोल मोजणारा) लगेच परवडत नसेल तर साधा लक्स मीटरही चालेल, लक्स माणसाच्या डोळ्याचं माप आहे, झाडाचं नाही, पण तोच दिवा, तीच उंची, तीच जागा ठेवून आज आणि सहा महिन्यांनी तुलना करायला तो पुरतो. चिपचा रंग बदलला तर थोडं फसवेल. आणि चिपच्या कागदावर एलएम-८० चे (उजेड काळाने किती घटतो त्या चाचणीचे) तास लिहिलेत म्हणून निवांत राहू नका, ती चाचणी किमान ६००० तासांची असते हे खरं, पण ती सुट्या चिपची प्रयोगशाळेतली आहे, तुमच्या बंद डब्यातली नाही.

हे आधी लिहायला हवं होतं, राहिलं. धातूच्या अंगाला अर्थिंग दिल्याशिवाय एकही दिवा घराबाहेर पाठवू नका, ओल्या जागेत लोक त्याला ओल्या हाताने धरतात. तुमच्याकडे असा दिवा विकायला कुठली तपासणी-प्रमाणपत्रं लागतात ते दहा-बाराचे पन्नास व्हायच्या आधी विचारून घ्या, नंतर डिझाईन बदलायला फार महाग पडतं. तुमचे दिवे उघड्या बोर्डाचे असतील तर पट्टीची माझी गोष्ट तुम्हाला तशी लागू नाही, तुम्हाला ओलाव्याचा त्रास होईल. आणि सगळंच काळं रबर गंधकाचं असतं असंही नाही, पण विकणाऱ्याला विचारून "नाही" असं छातीठोक उत्तर आलं नाही तर घेऊ नका, सरळ सिलिकॉन घ्या.

झाकण आणि खाली काळी पट्टी असेल तर मात्र जाहिरातीचं, माणसाचं सगळं आठवडाभर बाजूला ठेवा. तुम्ही विकलेल्यातला सगळ्यात जुना दिवा मागून आणा, गिऱ्हाईकाला तेवढे दिवस दुसरा द्या, झाकण काढा आणि कडेच्या चिप्स आणि मधल्या चिप्स शेजारी धरून बघा.