वीजबिल, ‘जोपर्यंत’ आणि सरंजाम

प्रश्न : मुलगी मुंबईतच एलएलएम झाली. आता तिला जर्मनीत जाऊन ‘युरोपीय संवैधानिक कायदा’ या विषयात पीएचडी करायची आहे. मी बँकेतून निवृत्त झालोय. युरोपला राज्यघटनाच नाही, मग ही संशोधन करणार कसलं? आणि इथे हायकोर्टात त्याचा उपयोग काय?
– एक वडील, डोंबिवली

उत्तर : तुमचा पहिला मुद्दा बिनचूक आहे. युरोपियन युनियनकडे ‘राज्यघटना’ असं नाव असलेला दस्तऐवज नाही. २००४ साली रोममध्ये तशा करारावर सह्या झाल्या होत्या, पण २००५मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी तो फेटाळला. त्यातला बराचसा मजकूर पुढे लिस्बन करारात आला आणि २००९पासून लागूही झाला. ‘राज्यघटना’ हा शब्द तेवढा गाळला. पत्रिका न छापता उरकलेलं लग्न म्हणा!

पण हे लग्न खरं जमलं ते १९६४ साली, आणि तेही एका वीजबिलावरून. माझ्या दादरच्या घरी बेस्टचं बिल येतं. ते पर्समध्ये घालून मी वर्गात न्यायची आणि मुलांपुढे नाचवून विचारायची, ‘हे मी भरलं नाही तर काय होईल?’ मिलानमध्ये फ्लामिनिओ कोस्ता नावाचे एक वकील होते. इटलीने १९६२मध्ये वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. त्यातल्या एका कंपनीचे कोस्ता भागधारक. ते चिडले आणि नव्या सरकारी कंपनीचं १,९२५ लिरांचं बिल भरायलाच त्यांनी नकार दिला. रक्कम किरकोळच. पण राष्ट्रीयीकरणाचा कायदा युरोपीय देशांमधल्या तेव्हाच्या कराराच्या विरोधात आहे, असा मुद्दा त्यांनी काढला आणि मिलानच्या छोट्या कोर्टातून प्रश्न थेट लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेला. इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने १९६४च्याच मार्चमध्ये सांगितलं होतं, की नंतरचा कायदा आधीच्यावर मात करतो. लक्झेंबर्गने १५ जुलैला उलट सांगितलं : देशाने नंतर केलेला कायदाही युरोपीय कायद्यावर कुरघोडी करू शकत नाही.

आता तुमच्या कन्येचं काम ऐका. हे वाक्य करारात कुठेच नव्हतं. ते न्यायाधीशांनी कराराच्या रचनेतून काढलं. कुठून, कसं, कोणत्या अधिकाराने, यावर विद्वान अजून भांडताहेत. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने १९७४मध्ये युरोपला अट घातली, की जोपर्यंत तुमच्याकडे आमच्यासारखे मूलभूत हक्क लिहिलेले नाहीत, तोपर्यंत आम्ही तुमचे कायदे तपासणार. १९८६मध्ये तेच न्यायालय म्हणालं, जोपर्यंत तुम्ही हक्क नीट सांभाळताय, तोपर्यंत आम्ही तपासणार नाही. ‘जोपर्यंत’ला जर्मनमध्ये ‘झोलांगे’ म्हणतात आणि हे दोन्ही निकाल त्याच नावाने ओळखले जातात. ‘आमच्या घरात राहतोयस तोपर्यंत’ हे वाक्य ऐकत वाढलेल्या कुठल्याही मुलाला ते समजावून सांगावं लागत नाही. (बिलावर एका मुलाने मला विचारलं होतं, ‘मॅडम, कोस्तांचा मीटर कापला का?’ याहून चांगला प्रश्न मला पुढे कोणी विचारला नाही.)

हायकोर्टातल्या उपयोगाचं म्हणाल, तर १९६५मध्ये डीट्रिच कॉनराड हे जर्मन अभ्यासक बनारसला व्याख्यान द्यायला आले होते. घटनादुरुस्तीच्या अधिकाराला काही आतल्या मर्यादा असतात का, हा विषय. त्यांच्या देशाच्या १९४९च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे त्यांच्या राज्यघटनेत, काही तत्त्वं दुरुस्तीच्या हाताला लागूच नयेत, अशी तरतूद आहे. आपल्या घटनेत तसं कलम नाही. पण आपल्या मुंबईचे वकील नानी पालखीवालांनी सुप्रीम कोर्टातल्या केशवानंद भारती खटल्यात मर्यादेचाच मुद्दा लढवला आणि २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायाधीशांपैकी सात जणांनी तो मान्य केला. न्या. खन्नांनी निकालपत्रात कॉनराडांचा उतारा दिला आहे. एका परदेशी प्राध्यापकाचं व्याख्यान आठ वर्षांत कुठवर पोचलं, ते बघा. तिला जाऊ द्या. शिष्यवृत्ती मिळते का, एवढं मात्र आधी पाहा. जर्मन भाषाही इथूनच शिकून जाऊ दे, तिथे गेल्यावर वेळ मिळत नाही.

प्रश्न : ‘युरोपियन कोर्ट’ म्हणजे नक्की कोणतं? पेपरात कधी स्ट्रासबर्ग येतं, कधी लक्झेंबर्ग.
– एक विद्यार्थी, परळ

उत्तर : पेपरवालेही गोंधळतात. लक्झेंबर्गचं न्यायालय युरोपियन युनियनचं, त्यात २७ देश. स्ट्रासबर्गचं मानवी हक्क न्यायालय वेगळ्या संस्थेचं, म्हणजे कौन्सिल ऑफ युरोपचं. रशियाला २०२२मध्ये काढल्यावर तिचे सदस्य ४६ उरले. ब्रिटन युनियनमधून बाहेर पडलं, स्ट्रासबर्गमधून नाही. परीक्षेत हेच विचारतात.

प्रश्न : आजोबा दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीच्या गोष्टी सांगायचे. हेगच्या कोर्टात मराठ्यांच्या तहावर वाद झाला होता, असंही म्हणायचे. खरं का?
– एक वाचक, पालघर

उत्तर : शंभर टक्के. १९५४मध्ये त्या वसाहती पोर्तुगीजांच्या हातून गेल्या. दमणहून तिकडे जायला आपल्या हद्दीतून वाट हवी म्हणून पोर्तुगालने १९५५च्या डिसेंबरात भारतावर दावा लावला. १७७९च्या पुण्याच्या तहाने आणि त्यानंतरच्या सनदांनी पेशव्यांनी आम्हाला सार्वभौमत्वच दिलं, असं त्यांचं म्हणणं. न्यायालयाने ते मानलं नाही. मराठ्यांनी दिला तो वर्षाला बारा हजार रुपयांचा महसूल, म्हणजे जहागीर किंवा सरंजाम, मुलूख नव्हे. असे सरंजाम आपल्याकडे ढिगाने दिले जात आणि एकाचाही अर्थ मुलूख देऊन टाकणं असा कोणी लावल्याचं न्यायालयाला दिसलं नाही. पुढे इंग्रजांच्या काळात पोर्तुगीजांचा ताबा मान्य होत गेला, त्यामुळे साध्या माणसांना आणि मालाला वाट मिळण्याचा हक्क न्यायालयाने मानला. सैन्य, पोलीस आणि हत्यारांना मात्र नाही. १९५४मध्ये भारताने वाट अडवली, त्यातही कराराचा किंवा कायद्याचा भंग दिसला नाही. निकालाची तारीख १२ एप्रिल १९६०. भारताच्या बाजूचे तदर्थ, म्हणजे त्या खटल्यापुरते नेमलेले, न्यायाधीश होते एम. सी. छागला, मुंबई हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती.

इंग्रजी निकालपत्रात ‘सरंजाम’ हा शब्द तसाच ठेवला आहे. तो शोधण्यासाठी मी तरुणपणी एका ग्रंथालयात तीन हेलपाटे घातले होते, आणि तिसऱ्या खेपेला कळलं की तो खंड बाईंडिंगला गेलाय. तुम्हाला आता तो न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळेल.