मोटर थंड ठेवणं हाही इंजिनिअरिंगचा विषय आहे

रावेर तालुक्यातल्या एका केळी बागायतदार वडिलांचं पत्र आहे. लेक जळगावला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेतातली मोटर उन्हाळ्यात जळते आणि भरून आणावी लागते, हे ती लहानपणापासून पाहते आहे. आता ‘मोटारी थंड कशा ठेवायच्या’ यातच पुढे शिकायचं म्हणते. नातेवाईक म्हणतात, कॉम्प्युटरकडे वळव. यात पोट भरेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, भरेल. लेकीने विषय फार नेमका हेरला आहे. मोटरकडून किती काम घेता येईल, हे बहुतेक वेळा उष्णताच ठरवते. दहा हॉर्सपॉवरची मोटर ९० टक्के कार्यक्षम असली, तरी पूर्ण भारावर आठशे वॅटहून जास्त उष्णता तिच्या पोटात तयार होते. तांब्याच्या तारेतून इन्सुलेशन (तारेवरचं वीजरोधक आवरण), पत्र्यांचा गाभा, बॉडी, आणि शेवटी पंख्याची हवा, अशी या उष्णतेची वाट. कुठेही अडली की वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, तापतं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. साधी मोटर ४० अंशांची हवा धरून बनवतात, आणि आपला मे महिना कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

हेच शास्त्र दीपनगरच्या वीज केंद्रातल्या ५०० मेगावॅटच्या जनरेटरमध्ये आहे. तिथे रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, हायड्रोजनमध्ये फिरतो. हा वायू हवेच्या चौदा पट हलका, म्हणून घर्षण कमी; उष्णताही तो सुमारे सातपट चांगली वाहतो. भुसावळला दुरुस्तीला येणाऱ्या रेल्वे इंजिनांच्या मोटारींना वेगळा ब्लोअर हवा देतो, कारण चढावर मोटर हळू फिरते पण जोर पूर्ण लावते. इलेक्ट्रिक गाड्यांत तर चुंबक जास्त तापले की कायमचे दुबळे होतात, म्हणून पाण्याने किंवा तेलाने थंड करावं लागतं.

नोकऱ्या मात्र जळगावात थोड्याच. पुणे, बंगळूर, भेलचे भोपाळ-हरिद्वारचे कारखाने, अशी तयारी ठेवा. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन थर्मलमध्ये एम.टेक. केलं तर डिझाइनची दारं उघडतात. हीट ट्रान्सफर आणि फ्लुइड मेकॅनिक्स पक्कं हवंच. शिवाय इलेक्ट्रिकल मशीन्स हा विषय तिने कॉलेजकडे मागून घेऊन शिकावा. मेकॅनिकलची मुलं नेमकी तिथे कच्ची राहतात.

सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर नंतर. आधी सुट्टीत तिला मोटर भरणाऱ्याच्या दुकानात बसू द्या. तीनपैकी एक-दोन फेजचीच वेटोळी काळी असतील तर एका फेजची वीज गेली होती. तिन्ही सारखी करपली असतील तर बहुधा जादा भार किंवा अडलेली हवा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला धुळीने बुजलेली मोटर घ्यावी. थंड असताना आणि तासन्‌तास चालवून बंद केल्याबरोबर वाइंडिंगचा रोध (रेझिस्टन्स) मोजावा. तांब्याचा रोध अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो, त्यावरून आतलं तापमान निघतं. साध्या मल्टिमीटरने इतका लहान रोध नीट मोजता येत नाही, कॉलेजच्या लॅबमधला ब्रिज, म्हणजे लहान रोध मोजायचं उपकरण, मागावा. मग बॉडीच्या खाचा साफ करून, तेवढ्याच भारावर पुन्हा मोजावं. ते आकडे आले की मला पाठवायला सांगा, पुढचं तिच्याशीच बोलेन.